स्पेनमधलं सुट्टीचं घर आणि बारा महिन्यांचं बिल

लंडन, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम अशा गावांत वर्षाचे सहा महिने ढगाखाली काढणाऱ्या माणसाला स्पेनच्या किनाऱ्यावर एखादा छोटा फ्लॅट असावा असं वाटणं अगदी साहजिक आहे. अलिकान्तेच्या आसपासचा कोस्ता ब्लांका हा पट्टा तर अशा घरांनी भरून गेला आहे. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे, ईस्टरला दोन, डिसेंबरात दोन असं जाणं होतं आणि उरलेलं वर्ष घर बंद. घराचे हप्ते, सोसायटीचा खर्च, पालिकेचा कर यांचा हिशोब लोक घर घेण्याआधीच चोख मांडतात. इंटरनेटचा मात्र कोणी मांडत नाही. मग पहिल्याच सुट्टीत घाईघाईने दुकानात जाऊन वर्षभराचा करार करून मोकळे होतात आणि रिकाम्या घराचं बिल दर महिन्याला खात्यातून जात राहतं.

हे टाळता येतं. त्यासाठी महिन्याला किती पडतं हा प्रश्न सोडून वापराच्या एका दिवसाला किती पडतं, हा प्रश्न विचारायला हवा.

समजा, तुम्ही वर्षात दोन खेपांत, दर खेपेला चार, असे 8 आठवडे तिथे राहता. म्हणजे 56 दिवस. फायबरचं कनेक्शन महिना 28 युरोला घेतलं तर वर्षाचे 336 युरो झाले. जाहिरातीत 28 हा आकडा स्वस्त दिसतो, पण तुम्ही घरात असलेल्या प्रत्येक दिवसाला 6 युरो पडले. आता दुसरी बाजू पाहा. स्पेनमध्ये प्रीपेड मोबाइल पॅक बहुधा 28 दिवसांचे असतात आणि 10 ते 20 युरोंत चांगला भरपूर डेटा मिळतो. 20 युरोंचे दोन पॅक घेतले, तर वर्षाचे 40 युरो. सिम घालायचा राउटर 80 युरोंना घेऊन चार वर्षं वापरला, तर त्याचे वर्षाला 20. एकूण 60. दिवसाला एक युरो आणि वर सात-आठ सेंट. वर्षातून दोनदा येणाऱ्याने बारा महिन्यांचा डबा लावू नये, इतकं साधं हे गणित आहे.

पण मग कंपन्या फायबर महिन्या-दोन महिन्यांपुरतं का देत नाहीत? कारण त्यात खर्च डेटाचा नसतोच. खर्च असतो तो रस्त्यापासून तुमच्या भिंतीपर्यंत तार आणण्याचा, माणूस पाठवण्याचा, उपकरण बसवण्याचा. ती तार फक्त तुमच्यासाठी असते. तुम्ही नसताना ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून कंपनी तुम्हाला बहुधा 12 किंवा 24 महिने बांधून घेते. स्पेनमध्ये या बांधिलकीला ‘पर्मानेन्सिया’ म्हणतात. दुकानात गेल्यावर किमतीच्याही आधी पर्मानेन्सिया किती, हे विचारा. युरोपीय संघाच्या कायद्याने ग्राहकाला 24 महिन्यांहून जास्त बांधता येत नाही. मोबाइलचा टॉवर मात्र सगळ्यांचा असतो. तुम्ही नसलात की तुमच्या वाट्याची क्षमता शेजारी वापरतो, म्हणून तीच क्षमता 28-28 दिवसांच्या तुकड्यांत विकणं कंपनीला परवडतं. अधूनमधून वापरायच्या घराला मोबाइलचं नेटवर्क जास्त जुळतं, त्याचं मूळ कारण हे आहे.

तुम्ही येता कुठून?

स्पेनमधल्या एकाच इमारतीत शेजारी-शेजारी घरं असलेल्या तीन मराठी कुटुंबांसाठी या प्रश्नाचं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. एक जर्मनीत राहतं, एक इंग्लंडमध्ये आणि एक पुण्यात. फरक अंतराचा नाही, कायद्याचा आहे.

जर्मनीतल्या कुटुंबाचं काम सगळ्यात सोपं. तुमचं जर्मन सिम स्पेनच्या टॉवरला जोडलं जातं तेव्हा स्पॅनिश कंपनी जर्मन कंपनीकडून प्रत्येक जीबीमागे पैसे घेते. पूर्वी हा दर मनमानी असायचा आणि त्याचा बोजा ग्राहकावर पडायचा. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार बंद झाला, आणि 2022 मध्ये हा नियम 2032 पर्यंत वाढवण्यात आला. कंपन्यांनी एकमेकींकडून किती घ्यायचं यालाही वरची मर्यादा घातली आहे. ती 2022 मध्ये जीबीला 2 युरो होती, पुढे उतरत 2025 मध्ये 1.30, 2026 मध्ये 1.10 आणि 2027 मध्ये 1 युरो असा तिचा क्रम ठरलेला आहे.

ही घाऊक मर्यादा ग्राहकानेही समजून घ्यावी, कारण तुमचा रोमिंगचा डेटा किती हे तिच्यावरून ठरतं. प्लॅन अमर्याद असेल किंवा त्यात जीबीचा भाव फारच कमी पडत असेल, तर कंपनी परदेशातल्या वापरावर मर्यादा घालू शकते. पण ती मनाला येईल तशी नाही. प्लॅनची करापूर्वीची किंमत घ्यायची, तिला त्या वर्षीच्या घाऊक मर्यादेने भागायचं आणि दोनाने गुणायचं. निदान इतका डेटा तरी द्यावाच लागतो. 20 युरोंचा जर्मन प्लॅन असेल तर 19 टक्के कर वजा जाता 16.81 युरो राहतात. त्याला 2026 च्या 1.10 ने भागून दुपटीने घेतलं की साधारण 30 जीबी होतात. ते संपले तर पुढच्या प्रत्येक जीबीला जास्तीत जास्त तीच घाऊक मर्यादा आणि वर कर, म्हणजे जेमतेम 1.30 युरो. लोकांच्या मनात रोमिंगची जी जुनी भीती बसली आहे, तिला या आकड्यांत काही आधार उरलेला नाही. दोन फोन असलेलं जोडपं तीन आठवडे बातम्या, नकाशे, व्हॉट्सॲप आणि रोज थोडं काही पाहणं एवढं यात सहज भागवू शकतं. घरात वेगळ्या कनेक्शनची गरजच पडत नाही.

इथे अनेकांना एक युक्ती सुचते: जर्मनीतलं एक स्वस्त सिम स्पेनच्या घरातल्या राउटरमध्ये कायमचं ठेवून द्यायचं. ती चालत नाही. रोमिंगची सवलत प्रवाशासाठी आहे. कंपनी निदान चार महिन्यांचा वापर पाहते. त्या काळात सिम मायदेशापेक्षा परदेशातच जास्त राहिलं आणि डेटाही परदेशातच जास्त वापरला गेला, तर ती तुम्हाला कळवते आणि 14 दिवसांची मुदत देऊन जादा आकार लावू शकते. राउटरमध्ये पडून असलेलं सिम तर शंभर टक्के परदेशातच असतं. खिशातला फोन तुमच्याबरोबर परत जातो, म्हणून तो या नियमात बसतो.

(जर्मनीहून गाडीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. स्वित्झर्लंड आणि अँडोरा हे दोन्ही देश या सवलतीत नाहीत. तुमच्या कंपनीने स्वतःहून त्यांचा समावेश केलेला नसेल, तर सीमा ओलांडण्याआधी मोबाइल डेटा बंद करा. बोटीवरच्या आणि विमानातल्या नेटवर्कलाही हा नियम लागू नाही.)

इंग्लंडमधल्या कुटुंबाची स्थिती ब्रेक्झिटनंतर पालटली. फुकट रोमिंगची कायद्याची हमी गेली आणि निर्णय कंपन्यांच्या हाती आला. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी अनेक प्लॅनवर दिवसाचा आकार पुन्हा सुरू केला. काही लहान, स्वस्त कंपन्या मात्र ठरावीक जीबीपर्यंत युरोप अजूनही प्लॅनमध्येच धरतात. दिवसाला अडीच पौंड ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण दोघांचे दोन फोन आणि 56 दिवस धरा, 280 पौंड झाले. म्हणून इंग्लंडमध्ये राहून स्पेनला घर असणाऱ्याने आधी आपला प्लॅन तपासावा. त्यात युरोप नसेल तर सरळ कंपनी बदलावी किंवा स्पॅनिश सिम घ्यावं. माझा कौल सिमला आहे, कारण ते राउटरमध्येही घालता येतं.

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी तर हाच रस्ता. भारतीय कंपन्यांचे आंतरराष्ट्रीय पॅक आठवडाभराच्या सहलीला ठीक आहेत, दोन महिन्यांच्या मुक्कामाला ते महागच पडतात. मात्र भारतीय सिम फेकू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार आहे. निघण्याआधी त्या नंबरावर रोमिंग सुरू करून घ्या, पुरेसं रिचार्ज ठेवा, फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा डेटा बंद ठेवा आणि डेटासाठी स्पॅनिश सिम निवडा. दोन सिमच्या फोनमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. ते विमानतळावर पोहोचल्यावर आठवलं, तर तोवर उशीर झालेला असतो.

सिम आणि राउटर

स्पेनमध्ये प्रीपेड सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. 2004 मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, त्यात मोबाइल फोन वापरले गेले होते. त्यानंतर 2007 च्या कायद्याने प्रत्येक प्रीपेड सिमची नोंद सक्तीची झाली. दुकानदाराने पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. ‘प्रेपागो’ म्हणजे प्रीपेड आणि ‘सोलो दातोस’ म्हणजे फक्त डेटा, एवढे दोन शब्द तुम्हाला पुरतील. तिथला रहिवासी नसलात तरी चालतं आणि बँक खातंही लागत नाही. प्रीपेडचं मोठं सुख हेच.

कोणत्या कंपनीचं घ्यायचं याला एकच उत्तर नाही. मोव्हिस्टार, ऑरेंज, व्होडाफोन ही जुनी नावं, आणि रोमेनियातून आलेली डिजी स्वस्ताईसाठी ओळखली जाते. अनेक लहान ब्रँड यांच्याच टॉवरवर चालतात. नकाशावरचा रंग पाहून निर्णय घेऊ नका; तुमच्या गल्लीत, तुमच्या खिडकीत कोणाचा सिग्नल येतो ते पाहा. शेजाऱ्याला विचारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नाही तर पहिल्या खेपेला दोन कंपन्यांची लहान पॅक घेऊन आपल्या फोनवर वेग मोजावा, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर गर्दी उसळते आणि सकाळी धावणारं नेटवर्क रात्री रांगायला लागतं. फेब्रुवारीत मोजलेल्या वेगावर ऑगस्टची भिस्त ठेवू नये.

राउटर घेताना तो कोणत्याही कंपनीचं सिम चालवणारा आहे याची खात्री करा. कंपनीने दिलेले अनेक राउटर स्वतःच्या सिमपुरते कुलूपबंद असतात. भारतातून किंवा अमेरिकेतून राउटर नेत असाल तर तो युरोपातल्या लहरींवर, विशेषतः 800 मेगाहर्ट्झवर, चालतो का ते पाहा. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, म्हणून गावाबाहेरच्या घरांना मुख्य आधार 800 चा. 2600 आणि 3500 मेगाहर्ट्झवर वेग भरपूर, पण पल्ला तोकडा. स्पेनमधली जुनी दगडी घरं अंगणात पूर्ण सिग्नल आणि स्वयंपाकघरात शून्य असा अनुभव देतात, कारण भिंतींची जाडी. तिथे राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा. त्याने भागलं नाही तर बाहेर अँटेना लावून तार आत घ्यावी. महागडा राउटर घेण्याआधी आहे तो राउटर दोन मीटर सरकवून पाहा, फरक पडतो.

किती डेटा लागेल? व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या बोलण्याला जवळपास काहीच लागत नाही. दोघांच्या व्हिडिओ कॉलला चांगल्या दर्जात तासाला एक-दीड जीबी. मोठ्या टीव्हीवर एचडी सिनेमा म्हणजे तासाला 3 जीबीपर्यंत, आणि 4के म्हणजे 7 पर्यंत. म्हणजे 100 जीबीच्या पॅकमध्ये रोज तासभर एचडी पाहूनही बाकीच्या वापराला थोडं उरतं. तेच 4के असेल तर पंधरवड्यात सगळा पॅक आटपतो. टीव्हीच्या ॲपमध्ये जाऊन दर्जा एक पायरी खाली आणणं, एवढ्या एका गोष्टीने निम्म्या घरांचा प्रश्न सुटेल. आणि घरून निघण्याआधी फोन-लॅपटॉपचे अपडेट, मुलांचे खेळ, चार सिनेमे उतरवून घ्यावेत.

तरीही फायबर कधी घ्यावं

प्रीपेड नेहमीच जिंकतं असं नाही. घरात मुलं आहेत, टीव्ही दिवसभर चालू आहे, दोघं तिथूनच ऑफिसचं काम करताहेत असं धरलं तर 28 दिवसांत 300 जीबी सहज जातात. पॅक 100 जीबीचा धरला तर 20 युरोंचे तीन पॅक, 60 युरो. मघाचे 336 युरो या हिशोबात साडेपाच पॅककाळांत, म्हणजे सुमारे 22 आठवड्यांत भरून निघतात. वर्षातले पाच महिने तिथे राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला, किंवा उरलेला काळ घर पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्याला फायबरच घ्यावं लागेल आणि ते योग्यही ठरेल. सुदैवाने स्पेन घराघरांत फायबर पोहोचवण्यात युरोपात आघाडीवर आहे. घर विकणारा ‘जुना टेलिफोनचा पॉइंट आहे’ असं सांगत असेल तर त्याला काही किंमत देऊ नका. स्पेनची जुनी टेलिफोन कंपनी टेलिफोनिका हिने आपली तांब्याच्या तारांची शेवटची एक्स्चेंजं मे 2025 मध्ये बंद केली आहेत.

करारासाठी बहुधा एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक लागतो. घर विकत घेताना तो मिळालेलाच असतो. पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, आणि स्पॅनिश बँकेचंच खातं हवं असं कोणी म्हणालं तर युरोपीय संघातलं तुमचं जर्मन किंवा आयरिश खातं नाकारण्याची त्यांना कायद्याने मुभा नाही, हे शांतपणे सांगा. किनारपट्टीवर परदेशी घरमालकांसाठी तारेऐवजी रेडिओ लिंकने इंटरनेट देणाऱ्या लहान स्थानिक कंपन्याही आहेत. त्यांतल्या काही रिकाम्या महिन्यांत कनेक्शन थांबवून ठेवू देतात. अशी कंपनी तुमच्या टेकडीवर असेल तर तिचा भाव जरूर काढा.

शेजाऱ्याचं वायफाय अर्धे पैसे देऊन वापरणं हाही मार्ग लोक काढतात. माणसं चांगली असली तरी मी तो सुचवणार नाही. बहुतेक करारांत कनेक्शन घराबाहेर द्यायला मनाई असते, आणि त्या कनेक्शनवरून काही गैर घडलं तर विचारणा ज्याच्या नावावर ते आहे त्यालाच होते.

जिथे तारही नाही आणि टॉवरही दिसत नाही, अशा आतल्या डोंगरी घरांसाठी उपग्रहांवरून इंटरनेट देणारी स्टारलिंक आहे. जुने उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंच असायचे. शब्द जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागायचा, त्यामुळे बोलणं अडखळायचं. स्टारलिंकचे उपग्रह पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून व्हिडिओ कॉल नीट होतो. घरावर बसवायच्या तिच्या थाळीला, म्हणजे डिश अँटेनाला, मोकळं आकाश लागतं, पाइनची झाडं आड आली की तुटक चालतं. फिरत्या ग्राहकांसाठीची योजना न वापरायच्या महिन्यांत थांबवता येते. पूर्वी हे फुकट होतं, 2025 पासून अशा थांबवलेल्या कनेक्शनलाही थोडी मासिक रक्कम पडते. थाळीची किंमत धरली तर हा मार्ग बाकी सगळं संपल्यावरच घ्यावा असं माझं मत आहे.

रिकाम्या घराला इंटरनेट लागतं का?

वर्षभराचा करार करणाऱ्यांचं ठरलेलं कारण म्हणजे कॅमेरा. सतत चित्रण पाठवणारा कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट खात असेल तर दिवसाला जवळपास 11 जीबी आणि महिन्याला 320 च्या पुढे जातो. तोच कॅमेरा हालचाल झाली तरच काही सेकंदांची क्लिप पाठवील असा लावला, तर महिन्याचं काम एखाद-दुसऱ्या जीबीत होतं. पाणी गळल्याची सूचना देणारा सेन्सर, तापमान कळवणारं यंत्र यांना तर त्याहून कमी लागतं. अशा वापरासाठी वर्षभर मुदतीची, थोड्या डेटाची सिम कार्डं मिळतात. अलार्म कंपनीकडून घेतला असेल तर त्यात बहुधा त्यांचंच सिम असतं, त्याला तुमच्या इंटरनेटची गरज नसते. आधी ते विचारा.

वीज जाऊन आल्यावर राउटर आपोआप सुरू होतो का, हे घर सोडण्याआधी मेन स्विच पाडून पाहा. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली होती. वीज परत आल्यावरही एखाद्या बंद घरातला राउटर तसाच बंद राहिला, तर मालकाला पुढच्या सुट्टीपर्यंत घराची खबर कळणार नाही. साधा टायमर प्लग लावून आठवड्यातून एकदा राउटर पाच मिनिटं बंद करून सुरू होऊ दिला, तर अडकलेलं कनेक्शनही पुन्हा जुळतं. पासवर्ड कारखान्यातला ठेवू नका, आणि पाहुण्यांना वेगळं गेस्ट वायफाय द्या.

प्रीपेड नंबर न वापरता राहिला तर काही महिन्यांनी बंद होतो. मुदत किती ते सिम घेताना विचारून कॅलेंडरमध्ये टाका आणि ती संपण्याआधी ॲपमधून छोटं रिचार्ज करा. नंबर गेलाच तरी नवं सिम काही युरोंना मिळतं, फक्त कॅमेरा किंवा बँक त्या नंबराशी जोडलेली नसावी. फायबरचा करार मोडायचा असेल तर पर्मानेन्सिया कोणत्या तारखेला संपते हे लेखी मागा, बंद करण्याची विनंतीही लेखीच करा, आणि कंपनीचा राउटर परत दिल्याची पावती जपून ठेवा, कारण न परतलेल्या राउटरचे पैसे शेवटच्या बिलात लागतात.